कणकेचा डबा

"भावजी, ह्यो डबा हाय. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा न्हाई," असं म्हणून बायडाबाईने स्टीलचा गोल डबा गोरखच्या दोन्ही हातांत ठेवला. आता हा शपथ घेतो की काय, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत राहिली.

डब्यात कणकेचा गोळा होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, बिनमिठाचा, बिनतेलाचा, आणि खाण्यासाठी नसलेला. बायडाबाईचा नवरा गेणू पखवाज वाजवायचा, आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. कणीक काय, कुठेही मिळते. पण एका लग्नात आचाऱ्याने दिलेली तेलातली कणीक गेणूने लावली होती, आणि ती ऐन रंगात सुटून पेटीवाल्याच्या मांडीवर जाऊन पडली होती. तेव्हापासून शिनोलीच्या आपल्या रानातला गहू आणि आपल्या बायकोचा हात, याशिवाय आपला पखवाज बोलत नाही असं गेणूने ठरवून टाकलं होतं.

गोरख वाजवत नसे, गातही नसे. तो गेणूबरोबर जात असे. पखवाजाची एक बाजू धरायची, एसटीत जागा पकडायची, कार्यक्रमात पुढे बसून मान डोलवायची, आणि परतताना कार्यक्रम कसा झाला ते गेणूलाच सांगायचं, एवढं त्याचं काम. लहानपणापासूनचे दोस्त ते. वर्षभर टोमॅटोच्या फवारण्या करणारा हा माणूस या दौऱ्यांवर जगत होता म्हटलं तरी चालेल. पण मागच्या खेपेला सूर जुळवायची हातोडी तो एसटीत विसरून आला, तेव्हा बायडाबाईने तोंडावर सांगितलं होतं, "आता अजून एक घोळ झाला, की पुढल्या टायमाला माझा भाचा ऋषी जाईल बरूबर. तुमी ऱ्हावा घरी."

आणि आता तर नाशिक होतं. तिथल्या गायिका इंद्रायणीताई अवसरी बुद्रुकच्या सप्ताहाला आल्या होत्या. गेणूचा हात त्यांना आवडला आणि त्यांनी त्याला साथीला बोलावलं. जिल्ह्याबाहेरचं हे गेणूचं पहिलंच बोलावणं.

घोडेगाव सुटलं, मंचरला गाडी बदलली, नारायणगाव मागे गेलं. गेणू खिडकीशी पखवाज कवटाळून बसला होता. थोड्या थोड्या वेळाने तो विचारी, "डबा?"

"मांडीवर," गोरख सांगे.

संगमनेरला उतरून चहा प्यायचा होता, तोही गोरखने खिडकीतूनच प्यायला. डबा मांडीवरून हलला नाही. नाशिकला कार्यक्रमाच्या आयोजक वैजयंतीताईंच्या घरी पोचेपर्यंत हलला नाही. पण माणूस सकाळपासून एसटीत बसल्यावर काही गोष्टी अशा असतात, की ज्यांना डबा घेऊन जाता येत नाही. गोरखने तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, त्याच्यावर आपली टोपी ठेवली आणि मगच तो न्हाणीघराकडे गेला.

जेवायला बसले तेव्हा गरम चपात्या आल्या. मऊ, पापुद्रा सुटलेल्या.

"ताई," गोरख तिसऱ्या चपातीला हात घालत म्हणाला, "शहरात अशी चपाती आमी कधी खाल्ली न्हाई. अगदी घरच्यावानी चव."

"असणारच की," वैजयंतीताई हसल्या.

गेणू खाली मान घालून जेवला, हात धुतला आणि "वाईच पडतो" म्हणून आतल्या खोलीत गेला. वाजवण्याआधी त्याला झोप लागे.

गोरख डबा घ्यायला ओट्याशी आला. टोपी नीट घडी करून खुंटीला लावलेली होती. डबा घासून पुसून पालथा घातलेला होता.

"ताई, यातली कणीक?"

"तिच्याच तर पोळ्या केल्या. मला वाटलं, तुम्ही बाहेरचं पीठ खात नसाल. आमच्याकडे येणारे काही बुवा पाळतात तसं. मीठ नव्हतं, तेल नव्हतं, म्हटलं पथ्य असेल. जरा घट्ट होती, म्हणून दूध घालून मऊ केली. गहू कुठला हो?"

गोरख ओट्याला टेकला. नाशिककरांनी ऐकायचा पखवाज त्याच्या पोटात होता, आणि त्यातही तीन चपात्यांचा वाटा त्याचा स्वतःचा होता. त्याने हळू आवाजात सगळी हकिकत सांगितली. ऋषीचीसुद्धा.

"अगंबाई," वैजयंतीताई खालीच बसल्या. "पण मी विचारलं होतं..."

"कुणाला?"

तेवढ्यात त्यांना दुसरंच आठवलं. "आणि आमच्याकडे गव्हाचं पीठच नाही. यांना शुगर आहे ना, आम्ही ज्वारी-नाचणीच खातो. थांबा, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते." त्यांनी लगेच लिहिलं, की गावाहून आलेल्या कलाकारांसाठी गव्हाची कणीक तातडीने हवी आहे.

सोसायटीतली माणसं मनाने फार चांगली. कलाकार उपाशी आहेत एवढंच त्यांनी त्यातून घेतलं, आणि नुसती कणीक काय पाठवायची, म्हणून ती लाटून, भाजून, तूप लावून पाठवली. दाराची घंटा वाजत राहिली. पोळ्या आल्या, मेथीचे पराठे आले, डब्यात पुरणपोळ्या आल्या. एका बाईंनी, असू द्या म्हणून, ब्रेडही आणून दिला. जेवणाच्या टेबलावर सबंध पंगतीचा स्वयंपाक मांडला गेला, पण मळलेला गोळा म्हणून एक नव्हता.

"मला आता हॉलवर जायला हवं, ध्वनिक्षेपकवाला आलाय," वैजयंतीताई म्हणाल्या. "खाली दुकान आहे. पीठ आणा आणि मळा तुम्ही. परात तिथे आहे."

गोरखला ट्रॅक्टर चालवता येत होता, म्हशीची धार काढता येत होती, पाण्याची मोटर उघडून जोडता येत होती. कणीक मात्र त्याने जन्मात मळली नव्हती. ती कशी होते, हे पाहायलाही तो कधी थांबला नव्हता. दुकानात लहान पुडा नव्हता, म्हणून तो मोठी पिशवीच घेऊन आला. मूठभर पीठ घेतलं, तांब्याने पाणी ओतलं. खळ झाली. पीठ घातलं. दगड झाला. पाणी घातलं. बोटं एकमेकांना चिकटली आणि सोडवता येईनात.

आतून गेणूचं घोरणं थांबलं. "पाणी बास की," तो म्हणाला.

गोरख दचकून दाराशी गेला. गेणू भिंतीकडे तोंड करून शांत झोपला होता. झोपेत बरळायची त्याला जुनी सवय. गोरख परत येऊन बसला, आणि पाणी घालायचं त्याने खरोखरच थांबवलं. मग बायडाबाई अंगणात बसून मळते ती कशी मळते, ते आठवून तो गुडघ्यांवर आला आणि शेताच्या बांधावर माती चोपावी तशी त्याने कणीक चोपायला घेतली. घाम आला. हळूहळू बोटं सुटी झाली. परातीत एक गुळगुळीत, मोठा थोरला डोंगर तयार झाला.

त्यातला एक गोळा तोडून त्याने डब्यात ठेवला. उरलेल्याचं काय करावं हे वैजयंतीताईंनी आल्यावर ठरवलं. ज्यांनी ज्यांनी पोळ्या पाठवल्या होत्या, त्यांना एकेक गोळा परत गेला.

संध्याकाळी हॉल भरला. गेणूने डबा उघडला, गोळ्याकडे पाहिलं, गोरखकडे पाहिलं नाही, आणि कणीक थापली. इंद्रायणीताईंनी सूर लावला. त्या काय गायल्या ते गोरखला आजही सांगता येणार नाही. तो डोळे न मिटता पखवाजाच्या डाव्या तोंडाकडे बघत होता. गेणूने जोरात थाप दिली की त्याच्या तोंडून "स्स" निघे, आणि कणीक जागेवर दिसली की "वा" निघे. मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "गावाकडची माणसं बघा, कसं ऐकतात."

कणीक शेवटपर्यंत टिकली. पखवाज तर असा घुमला, की इंद्रायणीताईंनी गाणं संपल्यावर सगळ्यांदेखत म्हटलं, "डाव्याचा काय भरदार आवाज. पुढच्या वर्षीही तुम्हीच यायचं."

"आमच्या मंडळींच्या हातची कणीक हाय," गेणू विनयाने म्हणाला. गोरखने ते मुकाट्याने गिळलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत संगमनेर मागे पडलं तरी गोरखने कार्यक्रम कसा झाला ते सांगायला सुरुवात केली नव्हती. शेवटी गेणूच म्हणाला, "कणीक चांगली मळलीस."

गोरख त्याच्याकडे बघत राहिला.

"तू न्हाणीघरात व्हतास तवा त्या बाईंनी इचारलं, ही कणीक तुमचीच का, घेऊ का. मी पखवाजाला कान लावून व्हतो. हूं म्हणालो. पहिल्या घासाला ध्यानात आलं, हा तर आपला गहू."

"म्हंजी तू झोपला नव्हतास?"

"कसली झोप. जीव खालीवर व्हत व्हता."

"मग उठायचं की राव."

"उठलो असतो तर मळाय मलाच लागलं असतं." गेणूने पखवाज नीट कवटाळला. "घरी कायबी बोलू नको. बायडाला कळलं तर ती ऋष्याला लावून देईल. ते पोरगं दिसभर मोबाईलची बोंडं कानात घालून बसतंय. त्याच्यासंगं एवढ्या लांब जायचं म्हंजी बोलायचं कुणाशी?"

गोरखला फार बरं वाटलं. त्याने लगेच कार्यक्रम कसा झाला ते सांगायला घेतलं, ते मंचर येईपर्यंत.

दोघांनी मिळून ठरवलेलं मौन शिनोलीत पोचल्यावर पाळायची वेळच आली नाही. वैजयंतीताईंचा फोन आधीच येऊन गेला होता. चपात्या इतक्या मऊ झाल्या, तर गहू कुठला आणि थोडा मिळेल का, हे विचारायला त्यांनी केला होता, आणि ओघात बाकीचंही सांगितलं होतं.

बायडाबाईने दोघांना ओटीवर बसवलं. मग तिने पखवाजाला चिकटून राहिलेला कणकेचा तुकडा नखाने काढला आणि दोन बोटांत दाबून पाहिला.

"भावजी, पुढल्या टायमाला डबा न्हाई द्यायची," ती म्हणाली. गोरखचा चेहरा उतरला. "नुसतं पीठ देईन. तिथंच ताजी मळत जा. हात बरा हाय तुमचा."

गोरख हवेत तरंगत घरी गेला. जागा पक्की झाली होती. ऋषीचं नावसुद्धा निघालं नव्हतं. दारात चपला काढून तो पाटावर बसला आणि बायकोने, साळुबाईने, चहा आणायची वाट पाहू लागला.

साळुबाईने चहा आणला नाही. तिने पिठाची परात आणून त्याच्यापुढे ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

"बायडा सकाळीच येऊन गेली," एवढंच ती म्हणाली.

गोरखने परातीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बाह्या वर केल्या. त्याने बेताने पाणी ओतलं आणि मळायला सुरुवात केली. हात आपोआप चालू लागला. साळुबाई उभी राहून बघत होती.

"मीठ घाला," ती म्हणाली. "ही वाजवायची न्हाई, खायची हाय."