कोकीळ सरांचा नोट्सचा वर्ग

एका जंगलात, बाळांनो, कावळ्यांची एक वस्ती होती. जंगल कुठलं ते विचारू नका. झाडं होती, ओढा होता, उन्हाळा संपता संपता जांभळं पिकायची. एवढं पुरे.

त्या वस्तीत सावळी नावाची एक कावळी राहायची. तिने गेल्या वर्षी पहिल्यांदाच घरटं बांधलं. अंडी घातली, उबवली. एक पिल्लू जगलं. सावळीने त्याला अळ्या भरवल्या, पंख फुटेपर्यंत जपलं. मग एका सकाळी ते पिल्लू घरट्याच्या काठावर बसलं, छाती फुगवून म्हणालं, "कुऽहू!" आणि उडून गेलं.

यंदा काड्या गोळा करताना सावळी नवऱ्याला म्हणाली, "अहो, यंदा एक तरी पिल्लू 'काव' म्हणालं पाहिजे. मला दुसरं काही नको."

नवऱ्याचं नाव धोंडू. तो म्हणाला, "म्हणेल की! पण तू जरा शिकून घे. सगळ्या शिकतायत."

खरंच शिकत होत्या. वस्तीच्या तोंडाशी पाटी लागली होती. 'कोकिळेचं अंडं कसं ओळखावं? शिकलेलं कसं टिपावं? मार्गदर्शक : कोकीळ सर.'

शेजारच्या ठकूकाकूंनी पाटी पाहून कपाळाला पंख लावला.

"अगं बायांनो, शिकवणारा कोकीळ?"

"मग काय घुबड आणू?" एक तरुण कावळी म्हणाली. "काकू, विषयातला जाणकार लागतो. कोकिळेच्या अंड्याबद्दल कोकिळाइतकं कोणाला ठाऊक असणार?"

काकूंना ते पटलं. बाळांनो, बोलणं पटण्यासारखंच होतं.

वर्ग ओढ्यापलीकडच्या वडावर भरायचा. घरट्यांपासून चांगला लांब. "अभ्यासाला शांतता लागते," सर म्हणाले. पळसाची पानं काट्यांनी टाचून वह्या झाल्या. गळालेल्या पिसांच्या लेखण्या झाल्या. शाई जांभळाच्या रसाची. ती करायला नवरे बसायचे, म्हणून धोंडूही रोज वडाखाली जांभळं तुडवत असायचा.

सर फांदीवर येऊन मोठ्याने "कुऽहू" करायचे. सगळ्यांना वाटायचं, घंटा झाली.

सुरुवातीला अंड्यांचं नावच निघालं नाही. सर म्हणाले, "आधी पान मांडायला शिका. डावीकडे चोचभर समास. उजवीकडे मुद्दे. खाली सारांश. मथळ्याखाली दोन रेघा. एक रेघ मारणारे पुढे आयुष्यात मागे पडतात."

ठकूकाकूंना लेखणी धरता येईना. त्या नुसत्याच मान वर करून ऐकत बसल्या.

"काकू, वही कुठाय?"

"मी ऐकतेय की."

"ऐकलेलं इकडून येतं, तिकडून जातं. लिहिलेलं राहतं. वहीशिवाय वर्गात बसता येणार नाही."

काकू शरमल्या. उडून घरी गेल्या आणि तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती म्हणून अंड्यांवर जाऊन बसल्या.

सावळीची वही मात्र बघण्यासारखी होती. अक्षर टपोरं. समास सरळ. शब्द गाळलेला नाही.

तोवर तिनेही अंडी घातली होती. मग एकदाचा धडा सुरू झाला. सर सांगू लागले, "लिहा. कावळीचं अंडं निळसर हिरवं. त्यावर तपकिरी ठिपके."

खरखर लेखण्या चालल्या.

"पुढचा मुद्दा. कोकिळेचं अंडं निळसर हिरवं. त्यावर तपकिरी ठिपके."

सावळी थांबली. "सर, दोन्ही सारखंच झालं."

"वा! लक्ष आहे तुझं. सारखं आहे म्हणून तर गोंधळ होतो. गोंधळ होतो म्हणून नोट्स काढायच्या. मान खाली घाल पाहू. मान वर केली की मुद्दा सुटतो."

सावळीने मान खाली घातली. तेवढ्यात ओढ्याअलीकडून, घरट्यांच्या बाजूने कोण्या पक्षिणीचा आवाज आला, "किक् किक् किक्!"

"ते काय हो सर?"

"शेजारच्या तुकडीचा गोंगाट. आपण आपलं लिहावं."

त्या संध्याकाळी सावळी घरी आली. झाडाच्या बुंध्याशी एक अंडं फुटून पडलं होतं. वर जाऊन बघते तर अंडी होती तेवढीच. तिने एकेक अंडं वहीशी ताडून पाहिलं. निळसर हिरवं. तपकिरी ठिपके. सगळी अंडी अगदी नोट्सप्रमाणे होती.

तरी तिला झोप लागेना. सकाळी ती सरांच्या आधी वडावर हजर.

"सर, माझं एक अंडं खाली पडलंय. पण वर कमी नाही. मला शंका येते."

"वही दाखव."

तिने दाखवली. सर पानामागून पान उलटत गेले. "अशी वही मी आजवर पाहिली नाही. काय हा समास! आणि शंका आली म्हणतेस? उत्तम! शंका समासात लिहायची. तेवढ्यासाठीच तो सोडतात."

सावळीने शंका समासात लिहिली. लिहिल्यावर तिला जरा बरं वाटलं. लिहिलेल्याची तशी गंमतच असते, बाळांनो. दुसऱ्या दिवशी आणखी शंका आली. समास पुरेना, तेव्हा सरांनी तिला रुंद समास सोडायला शिकवलं.

वर्ग लांबत गेला. उजळणी झाली, मग उजळणीच्या नोट्स झाल्या. शेवटी परीक्षा झाली. सावळी पहिली आली. सरांनी सर्वांसमोर तिच्या चोचीत एक पिकलेलं जांभूळ ठेवलं. धोंडू खाली शाईने माखून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोघं घरी आले. बरीचशी अंडी गार पडली होती. वर्गच तेवढा लांबला होता. एकच अंडं तडकलं. आतून एक उघडंवाघडं पिल्लू निघालं आणि त्याने लगेच भली मोठी चोच पसरली.

दोघांनी त्याला वाढवलं. सावळी रोज त्याच्यापुढे बसायची. "म्हण बाळा, काव. काऽव."

पिल्लू म्हणालं, "कुऽ."

धोंडूने मान फिरवली. सावळीने वही काढली. शेवटच्या पानावर सरांनी सांगितलेला मुद्दा होता. 'हुशार पिल्लू कधीकधी वेगळ्या आवाजात बोलतं. आईने कौतुक करावं.' मुद्द्याखाली दोन रेघा होत्या.

तिने तो दोनदा वाचला. मग पिल्लाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पिल्लाने पुन्हा चोच पसरली. त्याला भूक लागली होती. त्यात त्याची काय चूक? सावळीने वही मिटली, अळी आणली आणि त्याला भरवली.

ठकूकाकूंच्या घरट्यात त्या वर्षी चार पिल्लं 'काव काव' करत होती. वस्तीत कोणी त्याची वाखाणणी केली नाही. "तिला काय उद्योग होता? नुसती बसून होती," बायका म्हणाल्या. काकूंनाही ओशाळल्यासारखं झालं. शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत त्यांच्या मनातून गेली नाही.

सावळीचं पिल्लू मोठं झालं. जाताना म्हणालं, "आई, वही देतेस?"

जाताना तिच्याकडे काही मागणारं पहिलंच पिल्लू ते. तिने दिली. वर नवी लेखणीही दिली.

पुढच्या उन्हाळ्यात नवी पाटी लागली. नवे सर आले. काळेभोर, तुकतुकीत, आवाज गोड. वडाच्या फांदीवर बसून त्यांनी वही उघडली आणि आईच्या टपोऱ्या अक्षरातून शिकवायला सुरुवात केली. सावळी पहिल्या ओळीत बसली होती. शेजारणीला पंखाने ढोसून म्हणाली, "माझा मुलगा!"

ओढ्याअलीकडे 'किक् किक्' झालं. ठकूकाकू धापा टाकत आल्या. "सावळे, तुझ्या घरट्यात कोणीतरी शिरलंय! ऊठ!"

सावळीने नव्या वहीतून डोळे काढले नाहीत.

"काकू, पोरगं एवढं शिकवतंय, आणि मीच मधून उठून जाऊ? लोक काय म्हणतील त्याला?"

तात्पर्य : अभ्यास करताना मान कधीही वर करू नये. वर केली की दिसतं; आणि जे दिसतं ते परीक्षेला येत नाही.