हांसापूरचे एकमेव कोकणी मतदार

एक्याण्णव सालच्या जानेवारीत, आखाती युद्ध चालू असताना, सौदी अरेबियातल्या अबकैकच्या आमच्या कँपमध्ये सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाच्या तोंडी इराकच्या क्षेपणास्त्रांबद्दल एकच प्रश्न असायचा, "स्कड कुठे पडलं?" फक्त हमीदभाई मुकादम दात घासता घासता मला विचारायचे, "काय पाटणकर, हांसापूरला हवा कोणाची?"

हांसापूर हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात कुठेतरी असावं, अशी कँपवर आल्यावर पहिले काही आठवडे माझी प्रामाणिक समजूत होती. हमीदभाई मूळचे तिकडच्या खाडीकाठचे. त्यांच्या बोलण्यात वरची वाडी यायची, खालची वाडी यायची, मोडका पूल आणि मच्छीवाल्यांची भांडणं यायची. मग एकदा ते म्हणाले, "हांसापूरच्या पाद्र्यानं त्या खेपेला तोंड उघडलं नाय," आणि मी चमकलो. चौकशीअंती कळलं, की हे हांसापूर वेस्ट इंडीजमधल्या एका चिमुकल्या बेटावर आहे. त्याचं खरं नाव फ्रेंच. ते 'आन्स'ने सुरू होतं आणि नाकात कुठेतरी संपतं. हमीदभाईंच्या जिभेने त्याचं सरळ हांसापूर करून टाकलं होतं.

मी तेव्हा तेल शुद्ध करणाऱ्या प्लँटवर इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरीला होतो. राहायचं ठेकेदाराच्या कँपमध्ये, पत्र्याच्या लांबलचक खोल्यांत. हमीदभाई आमच्या मेसचं कोठार सांभाळायचे. उंच, काटकुळे, मेंदी लावलेली दाढी, आणि चालताना पाय फाकवून चालायची सवय. ही सवय बोटीवरची. ऐन तारुण्य त्यांनी मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून घालवलं होतं. वाळवंटात येऊन इतकी वर्षं झाली, तरी जमीन कधी हलेल याचा त्यांना भरवसा वाटत नसावा.

कँपमध्ये नवीन माणूस आला, की आम्ही त्याला गाव विचारायचो, पगार विचारायचो, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, झाला का विचारायचो. हमीदभाई विचारायचे, "मतदारसंघ कुठला?" मी आलो त्या दिवशी मी म्हटलं, "मिरज." त्यांनी मला डाळीच्या पोत्यावर बसवलं आणि वाड्यावस्त्या किती, पाण्याची बोंब कुठे, बायका वेगळं मत देतात का, असं विचारून हैराण केलं. मला काहीच सांगता येईना. शेवटी त्यांनी मान हलवली. "बायकांचं म्हाइत नाय तर मग तुमाला मिरजेचं काय म्हाइत हाय?"

जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते मतदानाच्या नजरेने बघायचे. शुक्रवारी मेसमध्ये मासे की मटण यावर वाद व्हायचा. हमीदभाई दारात उभे राहून ताटं घेऊन येणाऱ्यांकडे बघत पुटपुटायचे, "केरळची वाडी माशांकडे. हैदराबाद मटणाकडे. फिलिपिनो कुंपणावर." आणि मग आचाऱ्याला ओरडून सांगायचे, "मासे काढ रे! मटण पडलं!" त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. मॅनेजरने एखादी तक्रार ऐकली नाही की म्हणायचे, "तो कशाला ऐकेल? त्याला आपण निवडून दिलाय काय?" आणि एखादा माणूस आपल्याला फार शहाणा समजू लागला, तर त्याच्यासाठी एकच वाक्य ठरलेलं होतं : "मतदार काय येडा नाय, बाबा."

आता या गृहस्थांचा आणि त्या बेटाचा संबंध काय? तर झालं असं होतं, की केळी भरायला गेलेली त्यांची बोट तिथल्या बंदरात बिघडली. इंजिन गेलं, आणि त्यापाठोपाठ बोटीचा मालकही गेला, म्हणजे पसार झाला. बोट सरकारने अडकवून ठेवली. बाकीचे खलाशी मिळेल त्या वाटेने परतले. हमीदभाई आपल्या थकलेल्या पगाराच्या आशेने थांबले आणि थांबता थांबता दीड-दोन वर्षं तिथेच राहिले. किनाऱ्यावरच्या एका बेकरीत पाव भाजायचे.

"मतदारसंघ केवढा म्हणाल?" ते हात पसरून सांगायचे. "सकाळी भट्टी पेटवून निघालो, तर पाव फुगेपर्यंत फिरून परत. डोंगरावर केळीवाले. ती वरची वाडी. किनाऱ्यावर मच्छीवाले, ती खालची. आणि मधे आपली लोकं."

"आपली म्हणजे?"

"अवो, पणज्याच्या वेळी इंग्रजांनी ऊस तोडायला नेलेली. आता नावं बघाल तर मोडून पडलेली. एक होता रामसमूज. मी विचारलं, राम कळला, समूज काय? त्याला पण म्हाइत नाय."

वरची वाडी पिढ्यान्पिढ्या घंटा या निशाणीला मत द्यायची आणि खालची वाडी होडीला. वरच्या वाडीत डोकी जास्त, म्हणून घंटाच निवडून यायची. होडीकडून उभी राहायची मिस आयरीन, तिथल्या शाळेची मास्तरीण. त्या काळी असा नियम होता, की कॉमनवेल्थमधल्या देशाचा माणूस तिथे वर्षभर राहिलेला असेल, तर त्याला मत देता यायचं. मिस आयरीनला हा नियम ठाऊक होता. ती एक दिवस बेकरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला वाटलं, पाव पायजे," हमीदभाई सांगायचे. "तर म्हणते, मिस्टर हमीद, मला तुमचं मत पायजे. मी म्हटलं, बाई, मी परदेशी माणूस. म्हणते, तुमी या रस्त्यावर चालता ना? मग रस्ता कसा पायजे ते सांगा. अर्धा तास उभी, पाटणकर! माझ्या गावात माझं नाव यादीत कदी आलं नाय. इलेक्शन आलं की मी बोटीवर. जन्मात माझ्या दारात मत मागायला कोण आलं असेल, तर ती एकटी."

त्यांनी होडीला मत दिलं. मिस आयरीन पडली. पुढे कुठल्याशा बोटीने खलाशी म्हणून त्यांना नेलं, आणि मग आमच्यासारखेच तेही अरबस्तानात आले. पण मतदार म्हणून ते हांसापूरचेच राहिले.

लढाई सुरू झाली तेव्हा कंपनीने आम्हा सगळ्यांना गॅसचे मुखवटे वाटले. भोंगा वाजला, की मधल्या मोठ्या खोलीत जमायचं, दार-खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावायच्या आणि सगळं शांत होईपर्यंत बसून राहायचं. पहिल्या भोंग्याला आम्ही पंधरा-वीस जण त्या खोलीत एकमेकांकडे न बघता बसलो होतो. रशीद नावाचा हैदराबादचा इलेक्ट्रिशियन माझ्या शेजारी होता. एरवी कँपमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. त्याला मुखवट्याचा पट्टा लावता येईना, इतके त्याचे हात थरथरत होते. हमीदभाईंनी उठून त्याचा पट्टा लावला, त्याच्या बाजूला बसले आणि मुखवट्याच्या आतून हंड्यात बोलल्यासारखा आवाज आला, "रशीद मियाँ, हांसापूर में इलेक्शन लग गया."

"क्या लग गया?" रशीद दचकून म्हणाला.

"इलेक्शन. मिस आयरीन फिर से खड़ी है."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत दोन लढाया सुरू झाल्या. हमीदभाईंकडे एक जुना पण दमदार रेडिओ होता. संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती बसून युद्धाच्या बातम्या ऐकायचे. त्या संपल्या, की हमीदभाई कानात इयरफोनची नळी घालायचे, काटा फिरवायचे, डोळे मिटायचे आणि लंडनहून त्या बेटांसाठी लागणारा कार्यक्रम ऐकायचे. मग भोंगा झाला, की मुखवट्याआडून आम्हाला त्या दिवसाचा वृत्तांत मिळायचा.

आणि काय एकेक वृत्तांत! घंटावाल्यांनी वरच्या वाडीत डुक्कर कापून जेवण घातलं, तर आपली मधली लोकं रुसली, कारण त्यांच्यात काही डुक्कर न खाणारे. रामसमूजने होडी सोडली. रामसमूज परत होडीत आला. खालच्या वाडीत दोन मच्छीवाल्यांचं जाळ्यावरून वाजलं आणि मतं फुटायची वेळ आली, तेव्हा मिस आयरीनने भर उन्हात दोघांना एका होडीत बसवून समुद्रात पाठवलं आणि सांगितलं, समेट झाल्याशिवाय परत येऊ नका.

"फिर?" रशीद.

"फिर क्या? शाम को आये. मच्छी ले के आये."

रशीदने निव्वळ हमीदभाईंना विरोध म्हणून घंटेची बाजू घेतली. "अरे नक्को जी, तुमारी मैडम के बस की बात नईं. ऊपर वालों के वोटां ज्यादा हैं!" खोलीत दोन तट पडले. बाहेर विमानं घरघरत होती आणि आत मुखवटे घातलेली माणसं, ज्यांनी ते बेट नकाशातही पाहिलं नव्हतं, वरच्या वाडीतली तरुण पोरं फुटतील का यावर तावातावाने भांडत होती. एकदा तर सगळं शांत झाल्याचा भोंगा वाजला, तरी कोणी उठेना, कारण घंटेच्या उमेदवाराची सभा पावसाने उधळली की लोकांनी, हे ठरायचं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी युद्ध थांबलं. त्याच संध्याकाळी हमीदभाईंनी कानातली नळी काढली, खोलीभर नजर फिरवली आणि उभे राहून म्हणाले, "मिस आयरीन जीत गयी."

काय आरडाओरडा झाला! केरळच्या वाडीने ताटं बडवली. आचाऱ्याने शेवयांची खीर केली. रशीद वाटी हातात घेऊन म्हणत फिरत होता, "थोडे वोटां से हारे हम. थोडेइच वोटां से!" त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख कुठे दिसत नव्हतं.

काही दिवसांनी मुखवटे परत गोळा करायला प्लँटच्या सुरक्षा विभागाचा एक माणूस आला. मिस्टर जोसेफ. धिप्पाड, काळासावळा, गाण्यासारखं इंग्रजी बोलणारा. मी सहज विचारलं, तर तो नेमका त्याच बेटावरचा निघाला. मी आनंदाने म्हटलं, "अभिनंदन! तुमची मिस आयरीन निवडून आली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "निवडणूक? आमच्याकडे आता कुठली निवडणूक? आणि मिस आयरीनने मला शाळेत शिकवलं. तिला जाऊन किती वर्षं झाली. सगळं गाव लोटलं होतं तिच्या मातीला. उभी राहायची ती दर वेळी. कधी निवडून आली नाही, बिचारी."

मी तडक कोठारात गेलो. हमीदभाई तांदळाच्या गोणी मोजत होते. मी जोसेफचं नाव काढताच त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"म्हणजे कळलं तुमाला," ते म्हणाले.

"हमीदभाई, सगळंच खोटं?"

"सगळं कसं? मी मत दिलं ते खरं. रामसमूज खरा." ते गोणीवर बसले. "त्या पोराचे हात कसे हलत होते, तुमी बघितले ना? माजे ओठ पण थरथरत होते. फक्त मुखवट्यात दिसत नाय. मला दुसरी काय गोष्ट येते सांगा? एक बेट येतं. तेच सांगत बसलो."

"पण ती तर..."

"ती गेली ते मला म्हाइत हाय. एका खलाशानं सांगितलं होतं." "आधी मी तिला पाडणारच होतो. वरच्या वाडीत मतं जास्त, हिशेब तोच येतो. पण एवढी माणसं रोज तिची वाट बघायला लागली. मग म्हटलं, आता हिला पाडायचं कोणी?"

एवढ्यात रशीद आत आला. ड्यूटीवर जाताना कोठारात डोकावायची त्याला आता सवयच लागली होती. "क्या हमीद भाई! क्या खबर तुमारी मैडम की?"

हमीदभाई नुसते दाढीवरून हात फिरवत राहिले.

मीच म्हटलं, "आज शपथ ली मैडम ने. असेंब्ली में. अभी रेडिओ पे सुना."

"अच्छा!" रशीद खूश झाला. "क्या पहन के गयी थी?"

रेडिओवर हे कसं सांगतील, असं त्याच्या मनातही आलं नाही. मी जे सुचलं ते ठोकून दिलं, "नीला फ्रॉक."

रशीद मान डोलावत निघून गेला. हमीदभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. गोणीचं तोंड त्यांनी सावकाश बांधलं, गाठ घट्ट ओढली, आणि म्हणाले,

"निळाच घालायची ती."