परबकाकांची खुर्ची

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परबकाका रोज सकाळी चहा पिऊन खाली येतात आणि लाल प्लास्टिकची खुर्ची बरोबर सायकल लेनच्या मधोमध टाकून बसतात. का, तर तिथे कोणी गाडी लावू नये म्हणून! स्वतःला सायकल चालवता येत नाही, हं.

"काका, खुर्ची उचला," म्हटलं की मालवणीत ठरलेलं उत्तर येतं, "ह्यां कोणी ठरवल्यान?"

माझं डोकंच फिरतं. आधीच रस्ता एवढासा, त्यात ही सायकल लेनची हिरवी पट्टी. ऑफिसला निघालो की गेटातून गाडी काढतानाच वाट लागते. काका म्हणतात, लेनमुळे ट्रॅफिक होत नाही, तुम्ही समोर डबल पार्किंग करता म्हणून होतो. घ्या!

शेवटी लेन काढून टाकायला आम्ही अर्ज केला. वॉर्ड ऑफिसातले साहेब म्हणाले, सगळ्या घरांच्या सह्या आणा, मग बघू. सगळ्यांच्या झाल्या, फक्त काका अडून बसले. म्हणून रविवारी मीटिंग बोलावली.

पाच मिनिटांत आवाज चढले. गुप्तेवहिनी म्हणाल्या, "रस्ता आमच्या दारातला, आम्हीच ठरवणार."

"आणि तेच्यावरसून जाणारो पाववालो?" काका ओरडले. "तेका कोणी इचारल्यान?"

मी उसळलोच. "अहो, पाववाल्याचा एवढा पुळका, मग त्याच्याच वाटेत खुर्ची टाकून का बसता? पाववाला, इडलीवाला, सगळे तुम्हाला वळसा घालून जातात. घंट्या बडवतात, 'ओ काका, बाजूला!' म्हणून बोंबलतात. लेन तुम्हीच अडवलीय!"

सगळे हसले. काका नाही हसले.

"बोंबलतत ना," ते हळूच म्हणाले. "ही होती तेवा दिसभर म्हणायची, वायच बाजूक सरा, लादी पुसूची आसा. आता घरात माका बाजूक सर म्हणणारा कोण आसा?"

काकी गेल्या वर्षी गणपतीनंतर वारल्या. गुप्तेवहिनींनी उगाचच पंखा मोठा केला. सहीचं नाव मग कोणीच काढलं नाही, आणि अर्ज माझ्याकडेच पडून राहिला. गाडी रोज अडकते, मी रोज चिडतो.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो. फूटपाथ अख्खा मोकळा होता. तरी मुद्दाम लेनमधून गेलो आणि खुर्चीपाशी थांबून ओरडलो, "ओ काका, बाजूला व्हा!"

काका उठले. खुर्ची वीतभर सरकवली.

"ह्यां कोणी ठरवल्यान?" म्हणाले, आणि पुन्हा बसले.