राहिलेल्या पूर्वपक्षाची हकीकत

श्री. ज्या घरी भाकरी आणि अक्षर एकाच मेजावर वाढिले जाते त्या घरास नमस्कार करून लिहिणार लिहितो ऐसे की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी राज्यात सर्व काही नेहमीप्रमाणे होते. राज्य म्हणजे तालुक्याचे गावी, पाण्याच्या टाकीमागील गल्लीत, तीन खोल्या आणि एक गच्ची इतुका मुलूख. गादीवर आईसाहेब कुमुदबाई, वय वर्षे एकाहत्तर. त्या पूर्वी शाळेत गणित व इतिहास शिकवीत, आणि पुढे ती चाकरी टाकून आपल्या एकुलत्या एक कन्येस घरीच शिकविले, त्यावरून गावात त्यांचे नाव, आणि काही घरी बदनाव. कारभारी अच्युतराव, आईसाहेबांचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त, स्वभावे तटस्थ. दरबारी चहा करणे, वर्तमानपत्राची कात्रणे काढणे आणि बोलणे फार तापले असता "पोहे निवताहेत" म्हणून इशारत देणे, इतुकाच त्यांचा अधिकार. आणि कन्या ऋजुताबाई, वय एकोणचाळीस, परशहरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर मुख्य. नगरपालिकेच्या मतदानास्तव चार दिवसांची रजा घेऊन त्या स्वराज्यात दाखल जाहल्या होत्या. मतदारयादीतले आपले नाव त्यांनी येथून कधी हलविले नव्हते.

राज्याचा शिरस्ता ऐसा की, रोज सकाळी जेवणाच्या मेजावर दरबार भरावा, कन्येने वर्तमानपत्रातील एक मजकूर मोठ्याने वाचावा, आणि मग त्यावर वाद करावा. परंतु वादास एक कानून होता. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू मांडावयाची, आणि ती ऐशी मांडावयाची की समोरच्याने आपल्या तोंडाने "मान्य" म्हणावे. जोवर मान्य येत नाही तोवर आपले म्हणणे गिळून बसावयाचे. यास आईसाहेब पूर्वपक्ष म्हणत. या कानुनाखाली ऋजुताबाई आठव्या वर्षापासून वाढल्या, आणि धरण बांधावे की न बांधावे, राखीव जागा ठेवाव्या की कसे, पहिलीच्या पोरांस भाषा दोन की तीन, पट कमी म्हणून खेड्यातल्या शाळा मिटवाव्या की चालवाव्या, ऐसे जे जे मजकूर राजधानीहून येत गेले त्या सर्वांचे पूर्वपक्ष त्यांनी मांडिले, आणि बहुतेकांस मान्य मिळविले. एकदा कारभाऱ्यांच्या भगिनी वत्सलाताई मुक्कामास होत्या, त्यांनी हा प्रकार पाहून टोमणा मारिला, "वहिनी, उद्या सासरी गेल्यावर पोरगी सासूचा पण पूर्वपक्ष मांडणार का?" आईसाहेब बोलल्या, "मांडेल की. आपण काय म्हणतोय ते सासूला पहिल्यांदाच कळेल." वत्सलाताईंनी दुसरे दिवशी कूच केले.

असो. नवमीचे दिवशी दरबार भरला असता खाली गल्लीत ढोल वाजिला आणि बादली चिन्हाचे उमेदवार नंदूशेठ पंधरा माणसांनिशी जिना चढून आले. हे पूर्वी आईसाहेबांचे हाताखाली पाचवीत होते, आणि मागल्या निवडणुकीत शिडी चिन्हाचे पक्षात होते. दाराशी वाकून बोलले, "काकू, आशीर्वाद असू द्या. बादली विसरायची नाही."

"ये, बस. आधी शिडीवाल्यांची बाजू सांग."

"काकू, त्यांची कसली बाजू? नुसते भामटे आहेत."

"पाच वर्षं तूच चढला होतास ना रे त्या शिडीवर? मग तुला सोपं जायला हवं."

बरोबरची माणसे जिन्यात हसली. नंदूशेठ मानेवरचा गमछा चाचपीत बोलले, "तसं म्हणाल तर... टाकीचं काम त्यांच्याच वेळी झालं. पाणी रोज यायला लागलं."

"मान्य. आता तुझी बाजू."

नंदूशेठांनी बहुत वेळ छताकडे पाहिले आणि मग बोलले, "मी लिहून आणून देतो, काकू." आणि आईसाहेबांनी हुकूम केला, "गाईडातून उतरवू नकोस. स्वतःच्या मनाने लिही." ऐसे बोलून त्या ठसका लागेतो हसल्या आणि कारभाऱ्यांनी पाणी आणून दिले.

फौज उतरून गेल्यावर आईसाहेबांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूस ठेविले आणि ऋजुताबाईंस सांगितले, "आज शाळेचा विषय घेऊ. माझी बाजू मांड." ऐकोन ऋजुताबाई पोह्यांतले दाणे वेगळे काढीत राहिल्या. आता हा शाळेचा विषय काय, ते लिहिणे प्राप्त आहे. एकतीस वर्षांमागे, ऋजुताबाई तिसरीत असता, कोणी थोर पाहुणे गावावरून जाणार म्हणून शाळेतील सर्व मुलांस कागदी झेंडे देऊन सडकेच्या दुतर्फा उभे केले. नऊपासून एकपर्यंत ऊन. पाण्याची पिंपे मागल्या टेम्पोत राहिली आणि टेम्पो आलाच नाही. ऋजुताबाई भोवळ येऊन खडीवर पडल्या, कपाळास तीन टाके घातले. पाहुणे अडीच वाजता गेले, गाडीच्या काचा वर होत्या. दुसरे दिवशी आईसाहेबांनी राजीनामा दिला आणि कन्येचा दाखला काढून आणिला. हा प्रसंग घरात पुढे नेहमी याच रीतीने सांगितला गेला: शाळेने अन्याय केला, सबब आईसाहेबांनी शाळा सोडिली. त्यात आणखी एक गोष्ट होती. ती दोघी मायलेकींस ठाऊक होती आणि दोघींनी एकमेकींपाशी कधी उच्चारिली नाही. ती आपले ठिकाणी पुढे येईल.

मग सात वर्षे मेजावर अंकगणित, गच्चीवर भूगोल, बाजारात जमाखर्च ऐसे शिक्षण चालिले, आणि कारभाऱ्यांनी बाहेरून परीक्षेस बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणिला आणि ऋजुताबाई दहावीस बसल्या. परीक्षेचे ठिकाणी पोरी घोळक्याने येत, एकमेकींच्या वेण्या ओढीत, पेपरानंतर एका बाटलीतून पाणी पीत. ऋजुताबाईंस त्यातले कोणी ओळखीना, आणि एकीने पुसले, "तू नापास झाली होतीस का गं?" घरी येऊन त्या आईसाहेबांस बोलल्या, "तुझ्या भांडणापायी माझ्या सगळ्या मैत्रिणी गेल्या. तुला मी नको होते, तुला जिंकायचं होतं." पूर्वपक्ष न मांडता आपली बाजू मांडिली, ऐसे राज्यात प्रथमच घडले. आईसाहेबांनी कानून दाखविला नाही. उठून गच्चीवर गेल्या आणि वाळत घातलेले कपडे, ओलेच, काढून आणिले. मग त्या विषयाचा अबोला जाहला. मात्र अलीकडे पाच वर्षे, ऋजुताबाई आल्या म्हणजे आईसाहेब वर्षातून एकदा तो विषय काढीत, आणि ऋजुताबाई गाडीची वेळ सांगून उठत.

तर नवमीस आईसाहेब बोलल्या, "माझी बाजू तुला येत नाही, का मांडवत नाही?"

"येते."

"मग?"

"आई, आज नको ना. मंगळवारी मत देऊन येऊ आणि बसू. नक्की."

"मंगळवार म्हणतेस? बरं. मंगळवार." आणि कारभाऱ्यांकडे वळून बोलल्या, "अहो, तुम्ही साक्षीला." कारभारी बोलले, "पोहे निवताहेत." तो दिवस बाकी सुखाने गेला. दुपारी उशांचे अभ्रे बदलिले. संध्याकाळी आईसाहेबांनी शिडीवाल्यांचे पत्रक घेऊन त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या पेनाने काढिल्या, सतरा निघाल्या.

दुसरे दिवशी दशमी, रविवार. आईसाहेब नेहमीप्रमाणे सहास उठोन मेजाशी बसल्या, चष्मा पुसून घातला. पेपरवाल्यास यावयास अवकाश होता. कारभाऱ्यांनी चहा आणून ठेविला आणि दूध तापवावयास गेले. परतोन पाहती तो चहावर साय धरलेली, आणि आईसाहेब मान किंचित कलती करून तशाच बसलेल्या. वाट पाहात आहेत ऐसे वाटून ते बोलले, "आज उशीरच झाला त्याला." मग जवळ गेले. ऋजुताबाईंस हाक मारिली ती कारभाऱ्यांनी, पण आवाज त्यांचा नव्हे. डॉक्टर आले, हृदय थांबले म्हणून कागद दिला. पेपर त्यानंतर आला, तो कोणी दाराबाहेरून उचलिला नाही. नंदूशेठ प्रचाराची जीप सोडून आले, स्मशानात लाकडाची व्यवस्था पाहिली, आणि तिरडी उचलतेवेळी गळ्यातला पक्षाचा गमछा काढून खिशात घातला. निघताना ऋजुताबाईंस बोलले, "ताई, मी खरंच लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या होत्या." ऋजुताबाई बोलल्या, "पुरं करा." त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. पाहुण्यांच्या चपला जिन्यात सरळ लावीत राहिल्या.

मंगळवारी शेजारून पिठलं-भात आला आणि शेजारच्या बाई बोलल्या, "सुतकात कसलं मतदान? राहू द्या यंदा." त्यावर कारभारी, ज्यांनी पन्नास वर्षांत कोणत्याही मसलतीत बाजू घेतली नव्हती, ते सदरा घालीत बोलले, "तिला चाललं नसतं. आणि मंगळवार ठरलाय आमचा." मग बापलेकी पायी केंद्रावर गेली. केंद्र त्याच शाळेत होते. दाराशी यादी घेऊन बसलेल्या पोऱ्याने पुसले, "काका, काकू मागून येतायत का?" कारभारी बोलले, "नाही." पोऱ्याने नावापुढे काही केले नाही, पान उलटले. ऋजुताबाईंनी शाई लावून घेतली आणि मत दिले. कोणास दिले ते त्यांनी कोणास सांगितले नाही, परंतु आत जाण्याआधी ओट्यावर उभे राहून दोन्ही बाजू मनात मांडिल्या, ऐसे कारभाऱ्यांनी त्यांच्या ओठांवरून ओळखिले.

घरी येऊन कारभाऱ्यांनी तीन दिवसांची वर्तमानपत्रे मेजावर ठेविली आणि आपले खुर्चीवर बसले. ऋजुताबाई समोर बसल्या. आईसाहेबांची खुर्ची ओढलेली होती तशीच राहू दिली. मग ऋजुताबाई बोलल्या, "बाबा, तुम्ही साक्षीला होतात. मांडते."

"मांड."

"आईचं म्हणणं असं. त्या दिवशी शाळेने चूक केली, असं आपण घरात सांगत आलो. पण आमच्या रांगेवर शाळा म्हणजे आईच होती. रांग सरळ करत तीच फिरत होती. माझा हात दोनदा खाली आला, आणि दोन्ही वेळा तिने मनगट धरून वर केला. 'हात खाली घ्यायचा नाही, बाई बघतायत.' बाई तीच. मग मी पडले. वरून सांगितलं आणि आपण केलं, पोटच्या पोरीवर केलं, आणि एकदाही कशासाठी म्हणून विचारलं नाही, हे तिला तिथे खडीवर कळलं. तिने मला घरी आणलं ते त्या रांग सरळ करणाऱ्या बाईपासून लांब ठेवायला. म्हणून पूर्वपक्ष. मी कुणाचंही म्हणणं पुरतं समजल्याशिवाय मान हलवू नये, तिचंसुद्धा. हे तिचं म्हणणं."

कारभारी वर्तमानपत्रांच्या जुडीची दोऱ्याची गाठ सोडवीत होते, ती सुटेना. बोलले, "हे तुला कधीपासून आठवतंय?"

"पहिल्यापासून."

"ती मला म्हणायची, ऋजूला आठवत नसेल तर बरंच आहे. आणि आठवत असेल तर तिने एकदा माझ्या तोंडावर बोलून टाकावं. मला स्वतःहून ते बोलवत नाही."

"म्हणून विचारायची?"

"म्हणून."

"मान्य म्हणाली असती?"

"ते मी कसं सांगू? तो अधिकार तिचा." आणि कारभारी पुढे बोलले, "पण तुझी बाजू राहिलीय. मध्ये सोडायची नाही, नियम आहे."

येणेप्रमाणे राज्य एकतीस वर्षे चालिले. फौज एक, मुलूख तीन खोल्यांचा, कानून एकच, आणि तो करणाराने आपणावरही चालविला. शत्रू पुष्कळ झाले, त्यांतील एकाचीही बाजू न ऐकता त्यास हाकलिले नाही. टाकीमागील गल्लीत त्या खेपेस बादली निवडून आली की शिडी, तो मजकूर वर्तमानपत्री आहे, येथे लिहिण्याचे कारण नाही. येथे लिहावयाचे ते ऋजुताबाईंचे शेवटचे बोलणे. खुर्चीकडे तोंड करून, दरबारी बोलावे तैसे मोठ्याने, त्या बोलल्या ते येणेप्रमाणे:

"आता माझी बाजू. आई, माझ्या मैत्रिणी गेल्या हे खरं आहे, ते मी मागे घेत नाही. पण तुला जिंकायचं होतं असं म्हणाले, ते खोटं होतं. बोलतानाच मला ठाऊक होतं. आणि पुन्हा निवड म्हणाली असतीस, तर मी घरच निवडलं असतं. मला आवडायचं इथे. रोज सकाळी आवडायचं."