पाहणीच्या वेळी दोष आढळला नाही

वाल्येवो नगरपालिकेच्या नागरिक-तक्रार विभागाचे उपप्रमुख श्री. ग्वोझ्देन पांतेलिच यांच्या घरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन ऑगस्टमधल्या एका रविवारी, ऐन लढाईत, कोणतीही पूर्वसूचना न देता काळी झाली. कॉम्प्युटर चालू होता. आतले पंखे घोंघावत होते, हेडफोनमधून तोफा ऐकू येत होत्या, दिसत मात्र काहीच नव्हतं. प्रसंग गंभीर होता. त्या क्षणी ग्वोझ्देनच्या हुकमाखाली तीस रणगाडे एका पुलावर उभे होते आणि पुढे काय करायचं ते त्याने सांगायचं होतं.

रणगाडे खेळातले होते, कबूल. पण प्रत्येकामागे एकेक खराखुरा माणूस बसलेला होता. नोवी सादचा दंतवैद्य, व्हिएन्नात बस चालवणारा एक जण, निशचे एक निवृत्त न्यायाधीश, अशी सगळी प्रतिष्ठित मंडळी. संघाचं नाव, गावच्या नदीवरून, 'कोलुबाराचे लांडगे', आणि ग्वोझ्देन त्यांचा सेनापती. पन्नाशीला टेकलेल्या या अविवाहित गृहस्थाला कचेरीत कुणी कॉफी विचारत नसे, आणि घरी टीव्हीचा रिमोट आईच्या ताब्यात असे. पण इथे तो 'डावीकडे' म्हणाला की तीस रणगाडे मुकाट डावीकडे वळत. साऱ्या जगात एवढ्या एकाच जागी त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्याला जिवापाड प्रिय होतं.

पुलावरचे लांडगे त्या दिवशी वाट बघतबघत भाजून निघाले. पुढच्या लढाईत तेच झालं, त्याच्या पुढच्यातही तेच. तेव्हा स्पासोये नावाच्या त्या दंतवैद्याने, जो संघाचा उपसेनापती होता आणि ज्याचा सेनापतिपदावर पहिल्यापासून डोळा होता, अतिशय दुःखी आवाजात एक ठराव मांडला. महिनाअखेरच्या रविवारी प्लोवदीवच्या संघाशी अंतिम सामना आहे. त्यात ग्वोझ्देनची स्क्रीन पुन्हा काळी झाली, तर संघाला नवा सेनापती निवडावा लागेल. ठराव एकमताने संमत झाला. एकमतात ग्वोझ्देनचंही मत धरलं होतं, कारण मतदानाच्या वेळी त्याची स्क्रीन काळी होती.

आता थोडं आईबद्दल सांगायला हवं. देसांका आजी ऐंशीच्या घरातली, ठणठणीत, आणि आयुष्यात एकाच गोष्टीला भिणारी. ती गोष्ट म्हणजे प्रोमाया, अर्थात घरातून आरपार जाणारा वारा. त्या मुलखात लहान मुलालाही माहीत असतं की दोन खिडक्या एकदम उघडल्या की माणसाची मान आखडते, दातांत कळ येते आणि किडन्या गारठतात. लाय्कोवात्सच्या एका मामेभावाने बसमध्ये समोरासमोरच्या खिडक्या उघडू दिल्या होत्या, त्याचं तोंड वाकडं झालं ते वाकडंच. म्हणून ऑगस्टच्या वणव्यातही पांतेलिचांच्या घराच्या खिडक्या गच्च बंद असत. आणि अशा घरात ग्वोझ्देनने कॉम्प्युटरचं चार पंख्यांचं खोकं आणून ठेवलं, तेही आईच्या टीव्हीच्या खुर्चीशेजारी.

"चार पंखे? माझ्या किडन्यांवर?" आजी म्हणाली होती. "सरळ विष दे की रे मला."

मग आजीने करडी लोकरीची शाल काढली, त्या खोक्याभोवती घट्ट गुंडाळली आणि वरून नवऱ्याचा जुना कमरपट्टा आवळला. पट्ट्याचं दुसरं टोक खुद्द ग्वोझ्देनने धरलं होतं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. त्यालाही किडन्या होत्या.

असो. ग्वोझ्देन हा यंत्रणेचा माणूस, त्याने यंत्रणेची वाट धरली. पहिला फोन ग्राहक-साहाय्य केंद्राला. तिथल्या ध्वनिमुद्रित बाईंनी स्क्रीन पूर्ण काळी असल्यास एक आणि काळपट असल्यास दोन दाबायला सांगितलं. एक दाबल्यावर एका जिवंत तरुणाने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला लावला. स्क्रीन लागली. तरुणाने समस्येचं निराकरण झाल्याची नोंद केली, सेवा कशी वाटली ते विचारलं, आणि ग्वोझ्देन उत्तर देत असतानाच स्क्रीन पुन्हा काळी झाली. पण नोंद झालेली होती.

मग तो इंटरनेटवरच्या जाणकारांना शरण गेला. एकाने सांगितलं, ड्रायव्हर जुना आहे, नवा टाक. दुसरा म्हणाला, नव्यामुळेच होतंय, जुना टाक. तिसऱ्याने ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगितलं, चौथ्याने वायर, पाचव्याने सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितली आणि त्याबरोबर आपल्या घटस्फोटाची हकिगतही लिहिली. ग्वोझ्देनने एकेक करून सगळं केलं. फक्त एका माणसाने विचारलं होतं, की खोक्यात हवा नीट खेळतेय ना? त्यावर बाकीचे तुटून पडले. हवा खेळवायची म्हणजे काय, घरात वयस्कर माणसं असतात याचं काही भान आहे का, असल्या सल्ल्यांनी लोकांची माणसं जातात. चर्चेच्या व्यवस्थापकाने सार्वजनिक आरोग्यास घातक मजकुराबद्दल त्या माणसाला कायमचं काढून टाकलं. ग्वोझ्देननेही निषेधाचा अंगठा दाबला.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्ती केंद्रात न्यायचं ठरलं. आजीने शाल सोडवून धुवायला घेतली, कारण घरातल्या अवतारात कुणाला गावात पाठवत नाहीत. केंद्रात कॉम्प्युटर उघडाबोडका, चारही पंखे मोकळे सोडून आठवडाभर चालला आणि एकदाही डगमगला नाही. तो परत आला तेव्हा त्याला एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'पाहणीच्या वेळी दोष आढळला नाही.'

ते वाक्य वाचून ग्वोझ्देन जागच्या जागी थिजला. ते वाक्य त्याचं होतं. गेली वीस वर्षं तो नागरिकांना हेच लिहीत आला होता. रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत अशी तक्रार आली की त्याचा निरीक्षक कार्यालयीन वेळेत, म्हणजे टळटळीत दुपारी जाऊन बघे, आणि अंधार आढळला नाही असा अहवाल देई. पाणी पहाटे येत नाही म्हणणाऱ्याकडे अकरा वाजता पाणी असे. आजवर त्याला त्या वाक्यात एक सौष्ठव जाणवत आलं होतं. आज पहिल्यांदा ते दुसऱ्या बाजूने वाचलं, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण या जाणिवेने तो बदलला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने नगरपालिकेत काम केलेलं नाही. त्याने फक्त ओळख शोधली.

ओळख सापडली. दुरुस्ती केंद्राचा मुख्य तंत्रज्ञ तिहोमिर हा ग्वोझ्देनच्या वडिलांच्या कुमचा मुलगा निघाला. कुम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस, आणि त्या नात्यापुढे तिकडे सख्खा भाऊही फिका. ग्वोझ्देनने घरी गाळलेल्या प्लमच्या दारूची, म्हणजे राकियाची, बाटली पोचवली आणि तिहोमिर जातीने घरी आला. आजीने रिवाजाप्रमाणे चमचाभर मुरंबा, पाण्याचा पेला आणि कॉफी पुढे केली. कॉम्प्युटर पुन्हा शालीत होता. तिहोमिरने शालीचं टोक बोटांत धरून बघितलं.

"घरचं विणकाम, मावशी?"

"माझ्या सासूचं. खास झ्लातीबोरची लोकर आहे."

"उत्तम केलंत. नाहीतर यांच्या पंख्यांचा वारा सरळ कमरेत जातो. आमच्या केंद्रात मी स्वतः पट्टा बांधून बसतो," तिहोमिर म्हणाला आणि त्याने शर्ट वर करून पट्टा दाखवला.

मग लढाई सुरू केली. चौथ्या मिनिटाला स्क्रीन काळी. तिहोमिरने शालीवरून खोक्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. खोकं रसरसलं होतं. त्याने बराच वेळ विचार केला आणि मग तर्कशुद्ध मांडणी केली. कॉम्प्युटर आमच्याकडे बरा असतो, इथे आजारी पडतो. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नाही, घराचा आहे. इथे आल्यावर त्याला ताप चढतो. आणि माणसाला काय किंवा यंत्राला काय, चांगल्या घरात अचानक ताप कशाने चढतो?

आजीने मान हलवली. गेली साठ वर्षं ती दुसरं काय सांगत होती?

तिघांनी मिळून घर धुंडाळलं आणि गॅलरीच्या दाराखाली कागद सरकेल एवढी फट सापडली. तिच्यात ब्लँकेट कोंबलं. खोक्यावर दुसरी शाल चढली. आता स्क्रीन दुसऱ्याच मिनिटाला काळी होऊ लागली, यावरून रोग किती खोल गेला होता ते सर्वांना कळून चुकलं. तिहोमिरने लेखी मत दिलं, की इमारतीत कुठूनतरी वारा शिरतो आहे. इमारत नगरपालिकेची, तेव्हा तक्रार नागरिक-तक्रार विभागाकडे करावी.

इथे घोडं पेंड खात होतं. तक्रार करणारा ग्वोझ्देन, आणि ती घेणाराही ग्वोझ्देन. दुसरा एखादा असता तर त्याने स्वतःला सवलत दिली असती. ग्वोझ्देन तत्त्वाचा माणूस. सकाळी तो कचेरीबाहेरच्या बाकावर नागरिक म्हणून बसला, आत कुणीच नसल्यामुळे बराच वेळ ताटकळला, मग आत जाऊन अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसला आणि बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे बघून म्हणाला, "गुरुवारी या." गुरुवारी तो आला. निरीक्षक कार्यालयीन वेळेत घरी जाऊन आला होता. त्या वेळी ग्वोझ्देन कचेरीत असल्याने कॉम्प्युटर बंद होता आणि बंद कॉम्प्युटरची स्क्रीन काळी असणं नियमाला धरून होतं. ग्वोझ्देनने स्वतःला उत्तर पाठवलं: पाहणीच्या वेळी दोष आढळला नाही. संध्याकाळी घरी ते वाचून त्याने त्या अधिकाऱ्याला कचकचीत शिवी हासडली. ती अधिकाऱ्याने ऐकून घेतली, कारण नागरिक शिव्या देतातच.

उजाडला रविवार. सेनापतिपद राहतं की जातं ते आज ठरणार होतं. दुपारी घर सीलबंद झालं. खोक्यावर तीन शाली, आजीच्या अंगात स्वेटर, ग्वोझ्देनच्या कमरेला वडिलांचा दुसरा पट्टा. बाहेर शेजारी मिरच्या भाजत होते, पण वासालाही आत यायला जागा नव्हती. प्लोवदीवचे रणगाडे टेकडीवर दिसले, ग्वोझ्देनने तोंड उघडलं, आणि स्क्रीन काळी झाली.

कानात आवाज मात्र चालू होते. तोफा धडाडत होत्या, बस-ड्रायव्हर हाका मारत होता. आणि स्पासोयेचा तो दुःखी आवाज आला, "सेनापती, दिसतंय ना सगळं?"

खरं बोलावं तर आयुष्यात कमावलेली एकमेव गोष्ट हातची जात होती. ग्वोझ्देनने समोरच्या काळ्या स्क्रीनकडे पाहिलं. तिच्यात त्याला आपलाच चेहरा दिसला, घामाने निथळणारा, आणि शेजारी स्वेटर विणत बसलेली आई. मग तो कचेरीतल्या आवाजात बोलला.

"स्वच्छ दिसतंय. सर्वांनी डावीकडे."

"डावीकडे दलदल आहे," स्पासोये म्हणाला.

"आदेश निघालेला आहे. हरकती असतील तर गुरुवारी."

मग तीस रणगाडे डावीकडे वळले आणि चिखलात शिरले. टेकडीवरच्या प्लोवदीवकरांना वाटलं, कुणी शुद्धीवरचा माणूस असं करणार नाही, म्हणजे यामागे मोठा डाव असणार. ते घाईघाईने टेकडी सोडून मागे फिरले, अरुंद पुलावर एकमेकांत अडकले, आणि चिखलात रुतलेल्या लांडग्यांनी त्यांना बसल्या जागेवरून टिपून काढलं. निशच्या न्यायाधीशांना हुंदका आवरेना. सामना संपायच्या आतच ग्वोझ्देन पांतेलिच यांना तहहयात सेनापती करण्यात आलं. ठराव स्पासोयेने मांडला, आणि त्याच्या आवाजातलं दुःख या वेळी अस्सल होतं.

आजीने विणकाम खाली ठेवलं. तिला कळत होतं की लेकाचं काहीतरी भलं झालंय. ती म्हणाली, "एवढे दिवस तुझ्या त्या डब्यासाठी झुरतोयस. मी आपली आत जाऊन बसते हवं तर. काढू का शाली?"

ग्वोझ्देनने हात उंचावून तिला थांबवलं. "राहू दे, आई. वारा लागेल."

त्यानंतर त्याने दुरुस्तीचं नाव काढलेलं नाही. लांडग्यांचा संघ त्याच्या हुकमावर चालतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, अधूनमधून नदीत. हरला की दोष सैनिकांचा निघतो. कचेरीतही या नव्या आवाजाची दखल घेतली गेली आणि आता तो विभागाचा प्रमुख आहे. त्याला कॉफी विचारतात.

तुम्ही मघापासून हसताय. शाल काढली की संपलं, हे तुम्हाला केव्हाच दिसलं होतं, आणि या वाल्येवोकरांना ते कसं दिसत नाही याची तुम्हाला गंमत वाटत होती. खुशाल हसा. हसून झालं की फ्रिजवरचं फुलाफुलांचं कव्हर जरा सारखं करा, प्लास्टिकच्या पिशवीतला रिमोट त्या पिशवीवरूनच दाबा आणि बातम्या लावा. तिथे कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगत असेल, की आपल्याला सगळं स्वच्छ दिसतंय, सर्वांनी डावीकडे. त्याची स्क्रीन चालू आहे का, एवढंच त्याला विचारून बघा. नाही विचारणार तुम्ही. तो वाक्य पुरं करायच्या आत तुम्ही वळलेले असाल.