अहमदपूरच्या माडीवरील गायनवर्गाच्या बंदोबस्ताची हकीकत

श्रीशंभुचरणी मस्तक ठेवून लिहितो ऐसे जे, अहमदपुरी धान्याचे मोंढ्यानजीक, खताचे दुकानावरील माडीत, गायनवर्गाची जी बेबंदशाही माजली होती ती कोणे मोडिली, ते खरे खरे सांगतो; कोणाचा मुलाहिजा राखीत नाही.

माडीचे धनी राजश्री गुरुपादप्पा, गायनाचे गुरुजी. गळा गोड, हात पेटीवर फिरता, परंतु बंदोबस्ताचे कामी अक्कल बेताची. जो शागीर्द फोन करून वेळ पुसे त्यास गुरुजी 'या की रविवारी सकाळी' म्हणत, आणि मग दुसऱ्यासही तेच, आणि मग तिसऱ्यासही तेच; नकार देणे म्हणजे आपले थोरपणास बट्टा, ऐसी समजूत. मग रविवारी तबलेवाले, पेटीवाले, गाणारे, ऐसा लष्करचा बाजार माडीवर भरे, तानपुरा कांद्याचे पोत्यामागे पडे, आणि गुरुजी मध्ये बसून सर्वांस एकदम 'वाहवा' देऊन कृतकृत्य होत. शिकत कोणीच नसे.

त्यांत जळकोटच्या अंगणवाडीच्या ताई तनुजाबाई, एस.टी.ने येत, गर्दीत गळा मिसळीत आणि परत जात. वर्ष ऐसेच गेले आणि गायनाची परीक्षा तोंडावर आली. मग एके रविवारी बाई चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या आणि भर दरबारी बोलल्या, "सर, मला आवाज हाय का न्हाई, एवढं तरी सांगा. तुमी मला एकलीला कधी ऐकलंच न्हाई. मी आता येणार न्हाई."

"ऐकलंय की, लई गोड हाय, शिल्पाताई," ऐसा गुरुजींचा जबाब. नाव भलतेच ऐकून दरबार खजील जाहला. गुरुजी न जाहले.

तेव्हा गुरुजींचे कुटुंब उमाबाई खासा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तनुजाताई, येत्या रविवारी या. तुमच्याबिगर कुणी नसंल. असलं तर ही पेटी मी खाली खतवाल्याला देऊन टाकते."

आणि मग फर्मान सुटले. गुरुजींचा फोन जप्त जाहला, कांदे खाली उतरले, तबल्यास मंगळवार नेमून दिला. लोक काय म्हणतील, ऐसी गुरुजींनी हरकत घेतली. लोक केव्हाचेच म्हणून राहिलेत, ऐसा हुकूम होऊन ती निकाली निघाली.

रविवारी तनुजाबाई आत जाऊन बसतात तोच तबल्याचे सरदार पंचाक्षरी डग्गा काखेत घेऊन जिन्यावर चाल करून आले. उमाबाई पायरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या.

"वैनी, सरांनीच बोलावलंय."

"सरांनी समदं गाव बोलावलंय. तुमी मंगळवारी या, भाऊ."

आतून 'येऊ द्या की त्याला' ऐसी गुरुजींची हाक आली, आणि मग उमाबाईंनी उठून दारास बाहेरून कडी घातली. सरदार डग्ग्यासह माघारी गेले.

आत तनुजाबाई एकट्या गाऊ लागल्या. खालचे सुरांवर उतरताच आवाज बुडाला. गुरुजींनी सवयीने 'वाहवा' म्हटले, परंतु दुसरा कोणी गात नव्हता, मग ऐकणे भाग पडले. तेव्हा ध्यानी आले की आपण बाईंस वर्षभर पुरुषी पट्टीत, म्हणजे आपल्याच काळी एकमध्ये, गाववीत आलो. त्यांनी पेटीवर बायकांची उंच पट्टी, काळी चार, धरली, आणि बाईंचा आवाज ऐसा मोकळा जाहला की खताचे दुकानातील गिऱ्हाईक वर पाहू लागले.

बाई मध्येच थांबल्या. डोळे भरले. "मला वाटलं, माझ्या गळ्यातच खोट हाय."

गुरुजींनी पेटीवर पुन्हा काळी चार धरली.

येणेप्रमाणे माडी सर जाहली. फत्ते उमाबाईंची. तनुजाबाईंचा आवाज आपणच शोधून काढिला, ऐसे गुरुजी हल्ली गावभर सांगतात. ते अगदीच खोटे म्हणवत नाही. वर्षभर तो लपविलाही त्यांनीच होता. हे लिहून ठेविले असे.