बारा वेष्टणांचं शिखर

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आपली नाडी तपासून घ्यावी, असं भांडारकाकांनी सुरुवातीलाच बजावलं. नाडी तपासणाऱ्या डॉक्टरबाई समोरच बसल्या होत्या, त्यामुळे त्या वाक्याला आपोआप वजन आलं. तसाही प्रश्न वजनाचाच होता. काका काट्यावर उभे होते आणि काटा चौऱ्याऐंशीवर थांबला होता. महिन्यापूर्वी तो ब्याऐंशीवर थांबला होता. मधल्या महिन्यात काकांच्या आयुष्यात एकच घडामोड झाली होती, ती म्हणजे कार्यालयाची डोंगर मोहीम.

काट्यात खोट आहे म्हणायचीही सोय नव्हती. काका वजनमापे तपासणी कार्यालयाचे भांडारपाल. त्या काट्याच्या बुडाला अचूकतेचा शिक्का त्यांनी स्वतःच्या हाताने मारला होता.

डॉक्टरबाईंपुढे एक छापील फॉर्म होता. त्यात सातव्या ओळीवर लिहिलं होतं : शिखर गाठले, होय किंवा नाही. अठ्ठावन्न ओलांडलेल्या ज्या कर्मचाऱ्यापुढे ‘नाही’ लागेल, त्याची उरलेली नोकरी त्याच्याच प्रकृतीच्या काळजीपोटी माफ करण्यात येणार होती. काकांची दोन वर्षं उरली होती. घरी बसायला त्यांची स्वतःची हरकत नव्हती, काकूंची होती. काकांनी मागच्या सुट्टीत स्वयंपाकघराचा ताबा घेऊन चमचे, झारे आणि कालथे यांना क्रमांक दिले होते. शेवटच्या दिवशी काकूंनी शांतपणे सांगितलं होतं की, एका कालथ्यासाठी मी सही करणार नाही, तुम्ही ती दोन वर्षं ऑफिसातच काढा.

काकांच्या फॉर्मवर सातवी ओळ कोरी होती. कोरी असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याचं समाधान होईल त्याप्रमाणे भरावी, अशी तळटीप होती. म्हणजे आता फक्त डॉक्टरबाईंचं समाधान करायचं होतं. काका काट्यावरून उतरले, खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेले सहा-सात जण कान देऊन सरसावले. व्हरांड्यात फरशी पुसत असलेल्या सफाईवाल्या मावशींनी तेवढी बादली जरा दाराकडे सरकवली.

काका सांगू लागले. तो डोंगर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. उंची सहाशे मीटर. दरवर्षी कार्यालयातली माणसं एक पाण्याची बाटली आणि भरपूर कुरकुर घेऊन दीड-दोन तासांत वर जायची, फोटो काढायची, उतरायची. यंदा मात्र मुख्य कार्यालयाने एक सल्लागार पाठवला. अंगाला चिकटलेला बनियनवजा शर्ट आणि मनगटावर घड्याळाच्या नावाखाली एक लहानसा दूरदर्शन संच. त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, तुम्ही आजवर नुसत्या पाण्यावर चढत होता? सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपण इतकी वर्षं केवढा धोका पत्करला, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

सल्लागाराने तक्ता लावला. चढावर दर वीस मिनिटांना एक एनर्जी बार, दर अर्ध्या तासाला एनर्जी ड्रिंकचा एक कॅन. भूक नसेल तर? असं टायपिस्टने विचारलं. सल्लागार म्हणाला की भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा. मग भुकेच्या आधी म्हणजे नेमकं कधीपासून, यावर तासभर चर्चा होऊन आदल्या दिवशी दुपारपासून असा ठराव झाला. त्यामुळे मोहिमेच्या सकाळी चाळीस माणसं बसमधून उतरली ती ओटीपोटावर हात ठेवूनच.

पायथ्याशी सगळी तयारी शिस्तीत होती. शिखरावर मोठ्या साहेबांचा फोटो निघणार, म्हणून मावशींना झाडू आणि पोतं देऊन सगळ्यांच्या आधी वर धाडलं होतं. त्यांना बार दिला नव्हता, कारण त्या कंत्राटी, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांना ऊर्जा लागू नव्हती. बारचे आणि कॅनचे साठ खोके टेम्पोतून आले होते. पण टेम्पोला डोंगर चढता येत नाही, ही बाब तिथे गेल्यावर उघड झाली.

मोठे साहेब म्हणाले, प्रत्येकाने एक खोका उचला. त्यावर सल्लागाराने तक्त्याची दुसरी बाजू दाखवली. ओझं घेऊन चढणाऱ्याला दर दहा मिनिटांना एक बार. म्हणजे आणखी खोके. मोठे साहेब मूळचे गणिताचे, टेम्पोच्या बॉनेटवर कागद पसरून त्यांनी तिथेच आकडेमोड केली. एक खोका वर पोचवायला वाटेत चार खोके खावे लागतील. ते चार न्यायला सोळा. ते सोळा न्यायला चौसष्ट, आणि टेम्पोत तर साठच. इथे साहेबांच्या हातातलं पेन थरथरायला लागलं, पण ते कॅनमुळेही असेल, कारण तो त्यांचा तिसरा होता. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला. काकांनी तो डॉक्टरबाईंना साहेबांच्याच आवाजात ऐकवला.

“ऊर्जा वर वाहून नेण्यात ऊर्जेचा अपव्यय होतो. सबब ती पायथ्याशीच घेण्यात यावी.”

“आणि चढायचं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

हेच टायपिस्टनेही विचारलं होतं, काका म्हणाले, आणि साहेबांनी त्याच्याकडे काट्यावर अंगठा दाबणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तसं पाहिलं होतं. तक्त्यात सगळं स्पष्ट होतं. एका बारात पन्नास मीटर चढण्याची ताकद. डोंगर सहाशे मीटर. ज्याने बारा बार खाल्ले त्याच्या अंगात शिखर आलंच. आता ते आलेलं शिखर तो खर्च करतो की जपून ठेवतो, हा त्याचा खासगी प्रश्न. कार्यालयाने त्यात डोकावू नये.

बारा बार खाल्ल्याचा पुरावा म्हणजे बारा रिकामी वेष्टणं. इथून पुढे कारभार भांडाराकडे, म्हणजे काकांकडे आला. काकांच्या भांडाराचा तीस वर्षांचा रिवाज एकच : जुनं दाखवा, नवं न्या. झिजलेला झाडू दाखवा, नवा झाडू न्या. संपलेली रिफिल दाखवा, नवी रिफिल न्या. त्याच रिवाजाने रिकामं वेष्टण दाखवल्याशिवाय बार मिळणार नव्हता. पहिल्या बारासाठी वेष्टण कुठून आणायचं, यावर अर्धा तास मोहीम खोळंबली. काही जणांनी वाटेवर पडलेली दुसऱ्यांची वेष्टणं आणून पाहिली, पण ती वेगळ्या कंपनीची निघाली. शेवटी दोन सहकाऱ्यांच्या हमीवर पहिला बार द्यावा असं ठरलं, आणि अकराच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी, टेम्पोच्या सावलीत, चढाईला सुरुवात झाली.

पहिले चार बार, म्हणजे दोनशे मीटरपर्यंत, सगळे हसतखेळत होते. मग चढ लागला. साडेतीनशेवर आवक-जावकच्या बाई अडकल्या. त्यांना ना पुढे जाता येईना, ना मागे येता येईना. दोघांनी पाणी पाजून त्यांना धीर दिला. टायपिस्ट साडेचारशेला पोचला आणि त्याचा जबडाच उघडेना. एकाला उलटी झाली, त्याची उंची दीडशे मीटरने कमी करण्यात आली. त्याने तिथल्या तिथे अपील केलं. मोठे साहेब सर्वांत आधी सहाशेवर पोचले आणि सतरंजीवर आडवे होऊन म्हणाले की वरची हवा विरळ आहे.

“कॅन पिऊन पिऊन सगळ्यांचे हात असे कापत होते,” काका म्हणाले, “की माझ्या नोंदवहीतली एकही सही जुळेना. शेवटी अंगठे घेतले मी. साहेबांचासुद्धा.”

बाकावर कुणीतरी खोकलं. तिथे बसलेल्या सगळ्यांनीच अंगठे दिले होते आणि सगळ्यांच्याच फॉर्मवर ‘होय’ लागलं होतं. ते नुसते रक्तदाब दाखवायला आले होते, जो मोहिमेपासून खाली यायचं नाव घेत नव्हता.

“पण मग तुमचीच ओळ कोरी कशी?” डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांनी पेन उघडलं होतं, आणि काकांचं सगळं लक्ष त्या पेनाच्या टोकाकडे होतं.

काकांनी सुस्कारा सोडला. भांडाराचा दुसरा रिवाज म्हणजे, देणारा आणि घेणारा एकच असू नये. एकोणचाळीस माणसांना बार देणारा माणूस स्वतःला बार देऊ शकत नव्हता. देणाऱ्याच्या रकान्यात सही त्यांची, घेणाऱ्याच्या रकान्यातही त्यांचीच, असा प्रकार त्यांनी तीस वर्षांत केला नव्हता आणि त्या दिवशीही केला नाही. दुपारी वेष्टणं मोजली गेली, एकोणचाळीस जणांनी शिखर गाठल्याचं जाहीर झालं, टाळ्या झाल्या. भांडारपाल तेवढा पायथ्याशी राहिला.

“तेव्हा मी काय केलं असेल?” काकांनी आवाज खाली आणला. “माझ्यापुढे एकच मार्ग होता. मी चढलो.”

“म्हणजे?”

“म्हणजे पायांनी.”

बाकावरचा एक जण नकळत उभा राहिला. काकांनी मग काही हातचं राखलं नाही. सगळे सतरंजीवर पडले होते तेव्हा ते एकटे निघाले, पोटात अन्नाचा कण नाही, हातात फक्त पाण्याची बाटली. पहिल्या वळणावर गुडघा म्हणाला परत फिर. दुसऱ्या वळणावर दुसरा गुडघा तेच म्हणाला. काकांनी दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं आणि तसेच पुढे गेले. वर वारा एवढा होता की त्यांचा चष्मा उडाला आणि पुन्हा नाकावर येऊन बसला.

“आणि मग दोन किलो वाढले ते?”

“हवा मानवली.”

डॉक्टरबाई हसल्या, पण पेन ‘होय’च्या दिशेने थोडं सरकलं. सही त्यांची जाणार होती, म्हणून त्यांनी एक शेवटची खात्री करून घेतली. वर नेमकं काय दिसलं, असं त्यांनी विचारलं.

“वर?” काकांचा चेहरा उजळला. “वर चकाचक होतं, डॉक्टरबाई. एक वाळलेलं पान नाही, एक काडी नाही. शिखर कसलं, नुकतीच पुसलेली फरशी. मावशींचं काम ते.”

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांना गहिवरून आलं होतं.

“म्हणजे एवढ्या चाळीस-एक्केचाळीस माणसांत खरे चढलात ते तुम्ही दोघंच,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आणि मावशी. आणि त्या बिचारीला तर बारही नाही, प्रमाणपत्रही नाही.”

सगळ्यांचे डोळे व्हरांड्याकडे वळले. आवक-जावकच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. टायपिस्टने बाकावरची आपली जागा मावशींना देऊ केली. जगात अजून माणुसकी आणि कष्ट शिल्लक आहेत, या विचाराने सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. रक्तदाबही बहुधा थोडा उतरला असावा.

मावशींनी पोछा बादलीत पिळला आणि काठीवर दोन्ही हात ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “वर चकाचक आहे हे तुम्हाला कोण बोललं?”

“कोण बोलायला कशाला पाहिजे? डोळ्यांनी पाहिलं.”

“मी बोलले. खाली येऊन साहेबांना सांगितलं, वर चकाचक केलंय म्हणून, तेव्हा तुम्ही शेजारीच होता. आणि मी काही वर गेलेच नव्हते. पहिल्या वळणावर झाड आहे मोठं, त्याच्या सावलीला बसले होते दिवसभर. तिथून तुमचा टेम्पो सरळ दिसतो. तुम्ही मागच्या बाजूला पाय सोडून बसला होता आणि मोडके म्हणून काढून ठेवलेले बार खात होता. दुसरा उद्योग नव्हता म्हणून मोजले मी. चौदा झाले.”

काका काट्याकडे पाहू लागले, जणू त्यानेच चुगली केली. डॉक्टरबाईंनी मात्र फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चौदा गुणिले पन्नास मांडलं, उत्तर दोनदा तपासलं, आणि सातव्या ओळीवर ‘होय’ला खूण केली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, शिखराच्या शंभर मीटर वर.

पण टायपिस्ट अजून अर्धवट उठलेलाच होता. त्याचं लक्ष फॉर्मकडे नव्हतंच.

“म्हणजे मावशी, तुम्हीसुद्धा नाही?” त्याने विचारलं. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

“मला तर ऊर्जाच लागू नव्हती,” मावशी म्हणाल्या आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर बसल्या. “पण कुणीतरी गरीब चढलं, असं ऐकलं की बाकीच्यांना बसून राहायला बरं वाटतं, नाही का?”